दप्तरी दाखल

२००० सालच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, 'शिकागो सन-टाइम्स' या दैनिकाच्या कचेरीत एक निनावी फॅक्स आला. तो जिम डेरोगॅटिस या संगीतसमीक्षकांच्या नावे होता. आर. केली या गायकाच्या नव्या अल्बमचे त्यांनी लिहिलेले परीक्षण नुकतेच छापून आले होते. फॅक्स पाठवणाऱ्याचे म्हणणे असे की, या गायकाचा खरा प्रश्न कोवळ्या वयाच्या मुलींचा आहे आणि तो फार जुना आहे. नामवंतांवर चिखल उडवणारी पत्रे वर्तमानपत्रांकडे नेहमीच येतात. डेरोगॅटिस यांनीही तो कागद आधी टेबलाच्या कडेला सारला. पण सुट्टीच्या दिवसांत त्यातला मजकूर त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यात नुसती आगपाखड नव्हती. तपासून पाहता येतील असे धागे होते, आणि त्यातला एक धागा थेट न्यायालयाच्या दप्तरापर्यंत जात होता. सुट्टी संपताच त्यांनी न्यायालयीन बातम्या पाहणारे सहकारी अॅब्डन पॅलाश यांना सोबत घेतले आणि दोघे कामाला लागले.

ही हकीकत सहसा ज्या पद्धतीने सांगितली जाते ती सोपी आहे: निर्भय पत्रकार, खळबळजनक बातमी, बलाढ्य माणसाचे पतन. तारखा मात्र वेगळे सांगतात. पहिली बातमी २१ डिसेंबर २००० रोजी छापून आली. अशा गुन्ह्यांसाठी न्यायालयाने केलीला पहिल्यांदा दोषी ठरवले ते २७ सप्टेंबर २०२१ रोजी. मधल्या वीस वर्षे नऊ महिन्यांतला बहुतेक काळ तो गात होता, त्याचे अल्बम खपत होते, मोठमोठे कलावंत त्याच्यासोबत गाणी करत होते. बातमीने स्फोट व्हायचा असता तर तो पहिल्याच दिवशी झाला असता. तो झाला नाही, म्हणून ही पत्रकारिता वाया गेली असे म्हणायचे का? माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. शोधपत्रकारितेचे मोल ती किती हादरा देते यावर ठरत नाही. कुजबुजीचे रूपांतर ती तारीख, नाव आणि पुरावा असलेल्या नोंदीत करते, आणि अशी नोंद समाजाने पाठ फिरवली तरी जागेवर राहते. केलीच्या प्रकरणात माहितीची उणीव कधीच नव्हती. ज्यांच्यावर अन्याय झाला त्या मुलींच्या शब्दाला किंमत देण्याची तयारी नव्हती.

समाजाने पाठ का फिरवली हे समजण्यासाठी केलीचे स्थान ध्यानात घ्यावे लागते. शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ साली जन्मलेला, रस्त्यावर गाऊन पैसे जमवलेला हा मुलगा नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या सर्वांत यशस्वी गायक-संगीतकारांपैकी एक झाला. 'स्पेस जॅम' या १९९६ च्या चित्रपटासाठी त्याने लिहिलेल्या 'आय बिलीव्ह आय कॅन फ्लाय' या गाण्याला १९९८ मध्ये तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. शाळांच्या पदवीदान समारंभांत आणि चर्चमधल्या गायनवृंदांत ते गाणे म्हटले जाई. गरिबीतून वर आलेल्या माणसाने आपल्याच वस्तीतल्या मुलांना दिलेली उमेद म्हणून त्याच्याकडे पाहिले जाई. आणि याच माणसाविषयी, तो शिकला त्या केनवुड अकॅडमीच्या परिसरात दबक्या आवाजात बोलले जात होते की, तो जुन्या शाळेत परत येतो आणि गाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलींना जाळ्यात ओढतो. एकीकडे उमेद, दुसरीकडे कुजबूज. लोकांनी उमेद उचलली आणि कुजबुजीकडे कानाडोळा केला.

पण तेव्हाही सगळे कुजबुजीपुरते राहिले नव्हते. केलीने १९९४ मध्ये अलीया या उगवत्या गायिकेचा पहिला अल्बम तयार केला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला शिकागोजवळच्या रोझमाँट गावातल्या एका हॉटेलात दोघांचे गुपचूप लग्न लागले. केली सत्तावीस वर्षांचा होता, अलीया पंधराची. विवाहाच्या दाखल्यावर तिचे वय अठरा लिहिले होते. 'व्हाइब' या संगीत मासिकाने काही महिन्यांतच त्या दाखल्याची प्रत छापली. कोणीही ती उघडून पाहावी आणि अलीयाच्या खऱ्या वयाशी तिची तुलना करावी, इतके ते उघड होते. पुढच्या वर्षी हे लग्न रद्दबातल ठरवण्यात आले, दोघांनीही त्यावर बोलणे टाळले, आणि संगीतव्यवसायाने 'होते असे कधीकधी' म्हणून पान उलटले. कोणाच्या तरी सहीने, कोणत्या तरी खोट्या ओळखपत्राच्या आधाराने त्या कागदावर अठरा हा आकडा आला होता. तो कसा आला, हे विचारायला मात्र कोणी गेले नाही. या दाखल्याकडे मी पुढे परत येणार आहे.

डेरोगॅटिस आणि पॅलाश यांनी केले ते काम दिसायला अगदी साधे होते. त्यांनी न्यायालयातली जुनी दप्तरे काढली. त्यांत १९९६ सालची एक दिवाणी फिर्याद सापडली. पंधरा वर्षांची असताना केलीने आपले लैंगिक शोषण सुरू केले, असे एका तरुणीने त्यात म्हटले होते. फिर्याद दाखल झाली होती २४ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, जेव्हा वार्ताहरांचे न्यायालयाच्या कामकाजाकडे फारसे लक्ष नसते. १९९८ च्या जानेवारीत ती अडीच लाख डॉलरला मिटवण्यात आली. अशा तडजोडीत पैशाबरोबर मौनाची अट येते. एकदा सही केली की पुढे ब्र काढायचा नाही. पुढच्या वर्षांतही केलीच्या बाजूने हाच मार्ग पुन्हा पुन्हा वापरला गेला. कायद्याने दिलेली तडजोडीची सोय इथे गुन्हा झाकण्याचे साधन बनली होती. एकेका मुलीला वाटे की आपण एकट्याच आहोत, कारण तिच्याआधीच्या मुलीने मौन विकत दिलेले असे. दोन्ही पत्रकारांनी ही सुटी पाने एकत्र केली, मुलींशी आणि त्यांच्या माणसांशी बोलले, आणि एकापुढे एक ठेवल्यावर जो साचा दिसला तो छापला. बातमीत नवे होते ते हे एकत्र येणे. पाने त्याआधीही होतीच.

त्या बातमीनंतर शहर पेटून उठले नाही. केली आरोप नाकारत राहिला, आकाशवाणी केंद्रे त्याची गाणी लावत राहिली, देशातल्या बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी विषय उचलला नाही. मग २००२ च्या फेब्रुवारीत डेरोगॅटिस यांच्या टपालपेटीत एक व्हिडिओ फीत येऊन पडली. पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता नव्हता. सुमारे सत्तावीस मिनिटांच्या त्या चित्रणात केलीसारखा दिसणारा पुरुष एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करताना दिसत होता. वृत्तपत्राने ती फीत पोलिसांच्या स्वाधीन केली आणि ८ फेब्रुवारीला त्याविषयीची बातमी छापली. त्याच संध्याकाळी सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, आणि त्या सोहळ्यात आर. केली गायला. एका दिवसाच्या या दोन घटना शेजारी ठेवल्या की त्या काळचा समाज नेमका कुठे उभा होता ते कळते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो पत्रकारांच्याच वर्तुळातला आहे. पत्रकाराने हाती आलेला पुरावा पोलिसांना द्यावा का? उद्या पोलीस पत्रकारांना आपले खबरे समजू लागले तर माहिती देणारी माणसे त्यांच्याकडे फिरकतील का? प्रश्न वाजवी आहे. पण दोन गोष्टींत फरक करावा लागतो. बातमी देणाऱ्याची ओळख जपणे हे पत्रकाराचे कर्तव्य आहे. लहान मुलीवरच्या अत्याचाराचे चित्रण स्वतःजवळ ठेवणे हा मात्र कायद्याने गुन्हा आहे आणि माणुसकीला सोडूनही आहे. 'सन-टाइम्स'ने हा फरक नेमका पाळला. फीत दिली, पण २००८ मध्ये केलीवर त्या फितीवरून चाललेल्या खटल्यात डेरोगॅटिस यांना साक्षीला बोलावले तेव्हा त्यांनी राज्यघटनेने दिलेल्या संरक्षणाचा आधार घेत प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे नाकारले. मुलीच्या सुरक्षिततेसाठी पुरावा सोडला, आपल्यावर विश्वास टाकणाऱ्यांसाठी तोंड बंद ठेवले. या दोन्ही कृती एकाच तत्त्वातून आलेल्या आहेत: ज्याची बाजू दुबळी, त्याचे रक्षण आधी.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. २००२ च्या जूनमध्ये केलीवर बाल-अश्लील चित्रणाचे एकवीस आरोप ठेवण्यात आले, त्यांतले काही पुढे वगळले गेले. खटला उभा राहायला सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत त्याचा २००३ चा अल्बम अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेला. अखेर १३ जून २००८ रोजी शिकागोच्या ज्यूरीने त्याला उरलेल्या चौदाही आरोपांतून निर्दोष सोडले. मग पत्रकारांनी जे छापले तो माध्यमांनी चालवलेला खटलाच नव्हता का? न्यायालयाने सोडलेल्या माणसाला वर्तमानपत्राने गुन्हेगार ठरवत राहणे कितपत न्याय्य? या प्रश्नाला हात झटकून चालणार नाही, कारण माध्यमांच्या खटल्यांनी निरपराध माणसे उद्ध्वस्त झाल्याची उदाहरणे जगभर आहेत.

उत्तर असे की, न्यायालय आणि वर्तमानपत्र दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधतात. ज्यूरीपुढचा प्रश्न मर्यादित होता: या फितीतली मुलगी कोण आहे आणि ती अल्पवयीन होती हे निःसंशय सिद्ध झाले का? ज्या मुलीविषयी खटला होता ती आणि तिचे आईवडील साक्षीला आलेच नाहीत. काही नातेवाइकांनी ती तीच असल्याचे सांगितले, पण चित्रणातली मुलगी कोण याची खात्री पटली नाही, असे ज्यूरीतल्या काहींनी नंतर बोलून दाखवले. कायद्याच्या चौकटीत तो निकाल समजण्यासारखा होता. वर्तमानपत्राने मात्र कोणाला शिक्षा सुनावली नव्हती. त्याने न्यायालयात दाखल झालेल्या फिर्यादी, झालेल्या तडजोडी, बोलायला तयार असलेल्या मुली आणि पोलिसांकडे गेलेली फीत यांची हकीकत दिली होती. केलीच्या बाजूचा इन्कारही दिला होता. माध्यमांच्या खटल्यात निकाल आधी ठरतो आणि पुरावे नंतर शोधले जातात. इथे पुरावे एकेक करून जमवले गेले आणि निकाल वाचकावर सोडला गेला. वाचकांनी निकाल दिला नाही, हा दोष बातमीच्या माथी मारता येत नाही.

तिसरा आक्षेप वर्णाचा आहे, आणि अमेरिकेच्या इतिहासात तो पोकळ नाही. कृष्णवर्णीय पुरुषांवर लैंगिक गुन्ह्यांचे खोटे आळ घेऊन जमावाने त्यांचे जीव घेतल्याचा तिथला इतिहास शतकभराचा आहे. एक गोरा पत्रकार एका यशस्वी कृष्णवर्णीय कलावंताच्या मागे लागला आहे, अशी भावना अनेकांच्या मनात होती आणि केलीचे पाठीराखे ती जागती ठेवत. पण या युक्तिवादात एक मोठी फट आहे. केलीवर आरोप करणाऱ्या जवळजवळ सगळ्या मुलीही कृष्णवर्णीयच होत्या. समाजाची इज्जत राखायची म्हणून त्याच समाजातल्या पुरुषाला वाचवायचे आणि त्याच समाजातल्या मुलीला गप्प बसवायचे, तर त्या इज्जतीत मुलीचा वाटा किती? डेरोगॅटिस यांनी २०१३ मध्ये एका मुलाखतीत हेच बोलून दाखवले होते की, कृष्णवर्णीय तरुण मुलींइतके नगण्य या समाजात कोणी मानले जात नाही. या मुली गोऱ्या आणि श्रीमंत उपनगरांतल्या असत्या तर वीस वर्षे लागली असती का, हा प्रश्न तिथल्या अनेकांनी विचारला आणि त्याचे उत्तर द्यायला कोणी पुढे आले नाही. शेवटी या आक्षेपाचे खंडन युक्तिवादाने झालेच नाही. ते कृष्णवर्णीय स्त्रियांनी कृतीने केले. केलीच्या गाण्यांवर बहिष्काराची 'म्यूट आर. केली' ही मोहीम २०१७ मध्ये अटलांटात ओरोनिके ओडेलेये आणि केन्येट टिशा बार्न्स या दोघींनी सुरू केली, आणि पुढे निर्णायक ठरलेली माहितीपट मालिका ड्रीम हॅम्प्टन यांच्या निर्मितीतून आली.

मधल्या काळात काय चालले होते ते पाहिले की जखमेची खोली कळते. २०१३ मध्ये केली शिकागोतल्या प्रतिष्ठित पिचफोर्क संगीत महोत्सवाचे मुख्य आकर्षण होता. त्याच वर्षी लेडी गागाने त्याच्यासोबत गाणे केले, ज्याबद्दल तिने २०१९ मध्ये जाहीर माफी मागितली. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाने डिसेंबरमध्ये डेरोगॅटिस यांची वर उल्लेखलेली मुलाखत आणि तिच्यासोबत जुनी न्यायालयीन कागदपत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा तेरा वर्षांपूर्वीची माहिती एका नव्या पिढीने जणू पहिल्यांदा वाचली. डेरोगॅटिस यांनी दैनिक सोडले होते, पण विषय सोडला नव्हता. आपल्या मुलींना केलीने घरात ठेवून जगापासून तोडले आहे, त्यांचे खाणे, कपडे, फोन तोच ठरवतो, असे सांगणारे पालक त्यांच्याकडे आले. त्यावरचा लेख छापण्याच्या उंबरठ्यावर येऊन काही प्रकाशने मागे सरली. शेवटी १७ जुलै २०१७ रोजी 'बझफीड न्यूज'ने तो प्रसिद्ध केला.

३ जानेवारी २०१९ पासून लाइफटाइम वाहिनीवर 'सर्व्हायव्हिंग आर. केली' ही सहा भागांची मालिका दाखवली गेली. अत्याचार सोसलेल्या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर आपल्या तोंडाने बोलल्या. काही दिवसांतच शिकागोच्या मुख्य सरकारी वकील किम फॉक्स यांनी पीडितांनी पुढे यावे असे जाहीर आवाहन केले, सोनीने केलीशी संबंध तोडले, आणि फेब्रुवारीत त्याच्यावर नवे आरोप दाखल झाले. इथे चौथा आक्षेप उभा राहतो: मग काम दूरचित्रवाणीने केले, छापील शब्द हरलाच ना? चेहरा आणि आवाज यांची ताकद मी नाकारत नाही. कागदावरची 'एक तरुणी' पडद्यावर माणूस झाली, हा बदल मोठा होता. पण ती मालिका ज्या पायावर उभी होती तो पाया आधीच्या अठरा वर्षांच्या नोंदींचा होता. कोणत्या वर्षी कोणी फिर्याद केली, ती केव्हा मिटली, फीत कोठून आली, कोण साक्षीला आले नाही, हे सगळे छापलेले होते. त्यामुळे पडद्यावर बोलणारीला कोणी 'आत्ताच कशी आठवण झाली' असे विचारले, तर उत्तर दप्तरात होते: आत्ता आठवलेले नाही, तेव्हाच सांगितले होते.

नोंदीचा हा चिवटपणा न्यायालयात सर्वांत ठळक दिसला. ब्रुकलिनच्या संघराज्य न्यायालयात २०२१ च्या ऑगस्टमध्ये खटला सुरू झाला. सरकारी पक्षाने संघटित गुन्हेगारीविरुद्धचा, मुळात माफिया टोळ्यांसाठी १९७० साली केलेला कायदा वापरला. व्यवस्थापक, अंगरक्षक, चालक, मदतनीस असा केलीभोवतीचा सगळा गोतावळा ही त्याच्या वासनेसाठी राबणारी एक यंत्रणा होती, अशी मांडणी केली. या कायद्यामुळे जुनी कृत्येही एका साखळीच्या कड्या म्हणून मांडता आली. त्या साखळीची पहिली कडी होती १९९४ ची: अलीयाचे वय अठरा दाखवणारे ओळखपत्र मिळवण्यासाठी एका सरकारी कर्मचाऱ्याला दिलेली लाच. 'व्हाइब'ने छापलेल्या दाखल्यावरचा आकडा कसा आला याचे उत्तर सत्तावीस वर्षांनी शपथेवर मिळाले, तेव्हा अलीया हयात नव्हती. २००१ मध्येच विमान अपघातात ती गेली होती. ज्यूरीने केलीला सर्व नऊ आरोपांत दोषी ठरवले आणि २९ जून २०२२ रोजी त्याला तीस वर्षांचा तुरुंगवास ठोठावण्यात आला.

त्याच वर्षी शिकागोत दुसरा खटला चालला आणि त्यात ती मुलगी आली. २००८ मध्ये जी साक्षीला उभी राहिली नव्हती ती आता सदतीस वर्षांची होती. चित्रणातली मुलगी मीच, तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि पूर्वी चौकशीत मी ते नाकारले होते, असे तिने सांगितले. १४ सप्टेंबरला ज्यूरीने केलीला तेरापैकी सहा आरोपांत दोषी ठरवले. २००८ चा खटला हाणून पाडण्याचा कट केल्याच्या आरोपातून मात्र तो सुटला, आणि तेही इथे नमूद केले पाहिजे. नोंदीची बाजू घेणाऱ्याने आपल्याला गैरसोयीची नोंद गाळून चालत नाही. वीस वर्षांची शिक्षा झाली, तिचा बहुतेक भाग आधीच्या शिक्षेबरोबरच भोगायचा आहे. दोन्ही खटल्यांतली अपिले पुढे फेटाळली गेली.

या विजयाचे मला निखळ समाधान वाटत नाही, आणि कोणाला वाटू नये. ब्रुकलिनमध्ये सिद्ध झालेल्या आरोपांतले काही २०१५ मधल्या आणि त्यानंतरच्या घटनांविषयी होते, म्हणजे पहिली बातमी छापून आल्यावर पंधरा वर्षांनी घडलेल्या. २००० मध्ये जे लिहिले होते त्यावर तेव्हाच विश्वास ठेवला असता तर त्या मुली वाचल्या असत्या. पत्रकाराचे काम सत्य नोंदवण्याचे. त्या नोंदीला न्यायात बदलण्याचे काम पोलिसांचे, न्यायालयाचे, रेकॉर्ड कंपन्यांचे आणि तिकीट काढून मैफलीला जाणाऱ्या श्रोत्यांचे होते. पहिल्याने आपले काम केले; बाकीच्यांनी वीस वर्षे घेतली. पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या एखाद्या पानावर एखादी मुलगी, नाव न देता, एखाद्या लाडक्या कलावंताविषयी काही सांगत असेल, तेव्हा तिच्यावर लगेच विश्वास ठेवा असे मी म्हणणार नाही. पण पान उलटू नका. शेवटपर्यंत वाचा, कागद काय सांगतात ते पाहा, आणि विचारत राहा. चौदा वर्षांच्या एका मुलीचे म्हणणे न्यायालयाने ऐकले तेव्हा ती सदतीस वर्षांची झाली होती.